चुंबकाला झोप नाही

वाइंडिंग खात्यात त्या सकाळी कुणी कुणाची थट्टा करत नव्हतं. एरवी जिन्यावरूनच कलकलाट ऐकू यायचा. आज नुसती तांब्याच्या तारेची सरसर. मास्तरीण दारातच थबकली आणि समजून चुकली, की आपण जी बातमी सांगायला आलो, ती आपल्या आधीच इथे येऊन ठाण मांडून बसली आहे.

ही मास्तरीण काही शाळेतली नव्हे. मोटरींच्या त्या कारखान्यातली तपासणीची खोली तिच्या ताब्यात होती. नाव ठेवलं होतं तिच्या थोरल्या भावाने, तिचे दुधाचे दात पडत होते तेव्हा. तो घरी कॉइल गुंडाळायला बसला की ही शेजारी फतकल मारून वेढे मोजायची आणि मध्येच ओरडायची, "दादा, एक कमी पडला!" दादा कपाळावर हात मारून म्हणायचा, "आली माझी मास्तरीणबाई!" आईवडील लवकर गेले, घरात ही दोघंच उरली, पण नाव टिकलं. पुढे ती शिकली, त्याच कारखान्यात लागली, आणि नाव तिच्या मागोमाग फाटकातून आत आलं. आता साहेबसुद्धा तिला मास्तरीणबाईच म्हणत.

दादा होता वाइंडिंग खात्याचा, म्हणजे मोटरींत तार गुंडाळून बसवणाऱ्या खात्याचा प्रमुख. हाताखाली सात-आठ बायका, सगळ्या वर्षानुवर्षांच्या. त्याच्या मोटरी एवढ्या मऊ चालायच्या की धावत्या मोटरीवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलायचं नाही. ही बढाई नाही. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते करून दाखवायचा आणि बायका तोंडावर हात धरून हसायच्या, कारण एकदा त्याने तो पेला साहेबांच्या अंगावर सांडला होता. मोटर बिचारी निर्दोष होती, धक्का दादाच्याच कोपराचा.

"बोला मास्तरीणबाई," दादा मान वर न करता म्हणाला. "नापास ना?"

"नापास," ती म्हणाली.

"किती वर गेला काटा?"

"लाल रेघेच्या खूपच वर, दादा. मीटरच्या टोकाला जाऊन थडकला."

कोपऱ्यात बसणाऱ्या काकू, खात्यातल्या सगळ्यांत जुन्या, पुटपुटल्या, "मेली ती लाल रेघ."

आता ही लाल रेघ काय, ते समजून घेतलं पाहिजे. एका खाणीसाठी हवेच्या पंख्याच्या मोटरी हव्या होत्या. जमिनीखाली खोल माणसं काम करतात, त्यांना वरून हवा पोचवणारा पंखा. तो थांबला की खालचा श्वास थांबला. म्हणून एका दांड्यावर दोन मोटरी. एक बिघडली तर दुसरीने पंखा फिरवत राहायचं, माणसं वर येईपर्यंत. इथवर सगळं सरळ आहे. पण या मोटरींच्या पोटात चुंबक होते. आणि चुंबकाचा स्वभाव कसा? साधी मोटर बिघडली की तिची वीज तोडा, ती मुकाट्याने पडून राहते. चुंबकाला कुठलं बटण? त्याला झोप नाही, रजा नाही. दुसरी मोटर दांडा फिरवते आहे, म्हणजे बिघडलेल्या मोटरीतले चुंबकही फिरतच आहेत. आणि तिच्या तारा आत कुठे एकमेकींना चिकटून शॉर्ट झालेल्या असल्या, तर ते चुंबक त्या तारांमध्ये वीज ढकलतच राहणार. वेड्यासारखी. तार लाल होईपर्यंत, वार्निश जळेपर्यंत, आणि तो धूर पंखा कुठे पाठवणार? खाली. माणसांच्या तोंडात.

मग त्या विजेला आवरतं कोण? इथेच गंमत आहे, आणि इथेच दादाचं दुर्दैव. कॉइलमध्ये जे चुंबकबळ तयार होतं, त्यातलं बरंचसं समोरच्या फिरत्या भागापर्यंत पोचतं आणि काम करतं. पण थोडं पोचतच नाही. ज्या खाचेत तार बसवली त्या स्लॉटमधून आडवं जाऊन तिथल्या तिथे परततं, किंवा एका लोखंडी दातावरून शेजारच्या दातावर उडी मारून घरी येतं. याला म्हणतात गळती. वाइंडर जन्मभर या गळतीशी भांडतो. पण तारा शॉर्ट झाल्या, की ही वाया जाणारी गळतीच विजेच्या छाताडावर हात ठेवून उभी राहते आणि म्हणते, इतकीच, याहून पुढे नाही. गळती जास्त, तर शॉर्टमधली वीज कमी. गळती कमी, तर वीज मोकाट.

आणि दादाच्या वाइंडिंगमध्ये गळती नव्हतीच म्हणा ना. त्याची एकेक कॉइल कितीतरी दात ओलांडून पसरलेली, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, वेणी घातल्यासारखी. म्हणून तर ती मऊ चालायची. उलट हल्ली यंत्रावर होतं ते दाती वाइंडिंग: एक दात, त्याच्याभोवती एक कॉइल, संपलं. शेजारणीचा शेजारणीला स्पर्श नाही. ते मोटर गुरगुरवतं, चुंबक जास्त तापवतं, दिसायलाही दोऱ्याच्या रिळांची रांग. पण गळती भरपूर. शॉर्ट करा, काटा लाल रेघेखाली गपगार. लाल रेघ म्हणजे जेवढी वीज मोटर न जळता सोसू शकते तेवढी.

"साहेब काय म्हणाले?" दादाने विचारलं.

मास्तरीण कोपऱ्यातल्या काकूंकडे बघत राहिली.

"अगं, सांग. आम्ही काय काचेचे आहोत?"

"म्हणाले, पंख्याचं काम दाती वाइंडिंगवर घेऊ. यंत्र आणू. आणि पंख्याचं काम गेलं तर या खात्याला दुसरं कामच उरत नाही. महिनाअखेर…"

"खातं बंद," काकूंनी वाक्य पुरं केलं. आणि हातातली कॉइल पुन्हा गुंडाळायला लागल्या, जणू ती कॉइल कुणीतरी घेऊन जाणारच होतं.

दादा उठला, तडक साहेबांकडे गेला. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एक संधी दिली: याच वाइंडिंगची मोटर चाचणीत पास करून दाखवा, काम तुमचं. चाचणी एकच. मोटर गरम करायची, तारा शॉर्ट करायच्या, दुसऱ्या मोटरीने तिला फिरवत ठेवायचं, खाणीतल्या पाळीची माणसं वर यायला जेवढा वेळ लागेल म्हणून खाणवाल्यांनी ठरवलाय तेवढा पूर्ण वेळ. मुदत संपताना काटा लाल रेघेखाली पाहिजे.

त्या संध्याकाळी घरी जेवताना दादाचा घास हातातच राहिला. मास्तरीण त्याच्याच घरात, मागच्या खोलीत राहायची. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही हे विचारायचं वहिनीने कधीच सोडून दिलं होतं. वहिनी मूळची तोंडाळ, पण मनाने लोण्याची.

"अहो, जेवा आता. ताटात काय मोटर वाढलीय का?"

"मास्तरीण," दादा म्हणाला, "समजा वाइंडिंग हेच ठेवलं. एक वेढाही बदलला नाही. आणि तरी गळती वाढवायची. कशी वाढवशील?"

ती खरं तर थकली होती. पण विचारणारा दादा होता, आणि लहानपणी त्याने विचारलं की ती सांगायची, तसंच तिने सांगितलं. "स्लॉटचं तोंड उघडं असतं ना, तिथे आपण फायबरची पाचर ठोकतो तार बाहेर येऊ नये म्हणून. फायबरला चुंबकाचं काही सोयरसुतक नाही. त्या जागी लोखंड असतं, तर बळ पुढे न जाता तिथूनच आडवं पळालं असतं. तोंड मिटलं की गळती वाढली."

दादाने घास ताटात ठेवला. "लोखंडाची भुकटी. राळेत घोळून, साच्यात दाबून. पाचर लोखंडाची, पण वीज न वाहणारी."

"तसल्या पाचरी असतात," ती म्हणाली. "करतात लोक."

"असतात? मग आधी का नाही बोललीस, बाई!" आणि किती दिवसांनी तो हसला. वहिनीने देवाकडे बघून हात जोडले आणि दोघांच्याही ताटात न विचारता आणखी वाढलं.

पुढचे दिवस खात्यात पुन्हा आवाज आला. दादा भुकटी चाळायचा, राळ ढवळायचा. बायका साच्यातून पाचरी काढून कानशीने घासायच्या आणि एकमेकींच्या काळ्या झालेल्या नाकांना हसायच्या. "काकू, आरशात बघा, कोळशाच्या खाणीत तुम्हीच जाऊन आलात!" "जाईन की. तुझ्या नवऱ्याला तिथेच ठेवून येईन." जुन्या मोटरीतून फायबरच्या पाचरी उपटून नव्या ठोकल्या, वार्निशात बुडवलं, भट्टीत भाजलं. आणि मग मोटर खालच्या मजल्यावर मास्तरीणच्या खोलीत आली.

तिने आधी झटपट तपासणी केली. मोटर फिरवली, तारा शॉर्ट केल्या. काटा उसळला, डळमळला आणि लाल रेघेच्या खाली येऊन बसला. चांगला बोटभर खाली.

तिने पुन्हा करून पाहिलं. तेच. मग खुर्चीत बसून तिने डोळे मिटले आणि म्हणाली, देवा, तुझे उपकार. एवढंच म्हणाली. तिचा देवाशी व्यवहार नेहमी थोडक्यात असायचा, पण मनापासून.

वर जाऊन सांगितलं तेव्हा बायकांनी तिला मिठीच मारली. साहेब वर आले, दादाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "उद्या पूर्ण मुदतीची चाचणी होऊ दे, की खाणवाल्यांना कळवून टाकतो." कुणीतरी चहा आणला. काकू आनंदाने एवढ्या मोकळ्या झाल्या की उरलेली एक पाचर उचलून त्यांनी टेबलावर पडलेल्या रोटरच्या, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाच्या चुंबकाजवळ नेली. पाचर त्यांच्या बोटांतून निसटली आणि टक् करून चुंबकाला जाऊन चिकटली.

"बघा, बघा! सासरी निघालेल्या मुलीसारखी रडतसुद्धा नाही, धावतच गेली!"

सगळ्या खो खो हसल्या. दादाही हसला. मास्तरीण नाही हसली.

तिने ती पाचर ओढून काढली. जोर लावावा लागला. पुन्हा जवळ नेली. पुन्हा बोटांतून निसटून गेली. फायबरच्या पाचरीला चुंबक ओढत नाही, ती निवांत बसून राहते. ही मात्र ओढली जाणार. चुंबक समोरून गेला की ओढ, पुढे सरकला की सैल, ओढ, सैल, क्षणात कितीतरी वेळा. त्यात उष्णता. राळेची पकड ती किती?

संध्याकाळी दोघं कारखान्यातून चालत निघाली. रस्त्यावर दिवे लागत होते, दुकानांची शटरं अर्धी खाली येत होती. कोपऱ्यावर तिने विचारलं, "दादा, ती पाचर टिकेल?"

"कुठली?"

"लोखंडी. चुंबक तिला ओढतोय सारखा."

तो थांबला नाही. "राळेत बसवलीय. भाजलीय. माझी पाचर कधी सुटल्याचं ऐकलंयस तू?"

"फायबरची नाही सुटली."

"म्हणजे?"

"म्हणजे या पाचरीवर जो भार आहे, तो त्या पाचरीवर कधी नव्हताच. तुझ्या हाताचा प्रश्न नाहीये हा."

पुढच्या वळणावर तो एका बंद दुकानाच्या पायरीशी उभा राहिला आणि तिच्याकडे वळला. त्याचा आवाज खाली गेला होता. तसा आवाज तिने आयुष्यात एकदाच ऐकला होता, आई गेल्याचं त्याने तिला सांगितलं तेव्हा.

"हे बघ, मी तुला खोटं करायला सांगत नाही. काटा ढकल म्हणत नाही. काही लपव म्हणत नाही. त्यांनी मुदत ठरवलीय. तू उद्या चाचणी घे, अगदी कसोशीने घे. आणि मुदत संपली की बंद करायचं बटण दाब. मुदत संपल्यावर उगाच आणखी उकरत बसू नकोस, तुझी सवय आहे ती. एवढंच. त्या बायका या वयात कुठे जातील? काकूंना दुसरीकडे कोण घेईल?"

"आणि तू?"

"मला सोड."

"दादा…"

"एवढंच मागतोय. मुदत संपली की बटण. म्हण की बरं."

त्याने आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. शिक्षण दिलं, छप्पर दिलं, नाव दिलं, आणि मागितलं काय, तर एक बटण.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चाचणी सुरू झाली. मोटर तापली, तारा शॉर्ट झाल्या, काटा रेघेच्या बोटभर खाली जाऊन बसला. मास्तरीण समोर स्टुलावर. दादा दर थोड्या वेळाने दारातून डोकावायचा, भुवया उडवायचा. ती मान हलवायची. तो निघून जायचा. वहिनीने डबा पाठवला होता, तो तसाच राहिला. खोलीत तापलेल्या वार्निशचा गोडसर वास भरला. दुपार कलली.

आणि काटा चढत होता.

उडी मारून नव्हे. नखाएवढा, मग आणखी नखाएवढा. प्रत्येक वेळी ती स्वतःला समजावायची, तांबं तापलंय, असं होतंच. पण तांबं तापलं तर वीज किंचित कमी व्हावी. वाढते म्हणजे गळती कमी होतेय. गळती कमी होतेय म्हणजे आत कुठेतरी स्लॉटचं मिटलेलं तोंड उघडतंय.

मुदत संपत आली तेव्हा खोली भरून गेली होती. साहेब पुढे, मागे बायका, काकू भिंतीला टेकून, ओठ हलताहेत. नक्कीच देवाचं नाव. दादा मास्तरीणच्या खांद्यामागे. काटा लाल रेघेच्या खाली होता. केसभर, पण खाली.

"झाली," साहेब घड्याळ बघून म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "झाली मुदत! पास आहे, मास्तरीणबाई. करा बंद."

तिचा हात लाल बटणावर होता. दाबायचं फक्त. मागे बायकांनी श्वास सोडल्याचा आवाज तिने ऐकला. तिने काट्याकडे पाहिलं.

काटा थांबला नव्हता.

तिने हात काढून मांडीवर ठेवला.

"मास्तरीण," दादा मागून हळूच म्हणाला. "वेळ झाली."

"हो."

"मग दाब ना."

"चढतोय, दादा."

"चढू दे. रेघेखाली आहे. मुदत संपलीय." मग अगदी कानाशी, "तू काल काय म्हणालीस?"

तिला मागे वळायची हिंमत झाली नाही. "खाणीत मुदत संपली म्हणून पंखा बंद करायला कोण बसलंय? एखादा माणूस खाली अडकला तर पंखा चालूच ठेवतील ना ते?"

"अहो बाई, कागदावर पास आहे ना!" काकू कळवळून म्हणाल्या. "कशाला विस्तवाशी खेळता?"

साहेब गोंधळले. एकदा तिच्याकडे, एकदा दादाकडे बघत राहिले. कुणीही हात पुढे करून ते बटण दाबू शकलं असतं. कुणीच दाबलं नाही. तिच्या खोलीत तिच्याआधी बटणाला हात लावायची कुणाला सवयच नव्हती.

काटा रेघेवर आला.

सगळ्यांत आधी ऐकलं ते दादाने. त्याची मान एकदम तिरकी झाली, झोपेतल्या बाळाचा श्वास ऐकताना आईची होते तशी. मोटरीच्या एकसुरी आवाजात खर्र असं काहीतरी मिसळलं. बारीक. नखाने पत्रा खरवडावा तसं.

"पाचर," दादा म्हणाला.

खर्र मोठं झालं, मग कडकड; पाचर उखडून फिरत्या रोटरवर घासली आणि कुठेतरी तारेच्या अंगावर दाबली गेली. काटा रेघ ओलांडून सपाट्याने वर गेला. मोटरीच्या तोंडातून निळसर धूर निघाला. दादानेच तिच्या अंगावरून झेप घेऊन बटणावर तळवा आपटला.

फिरवणारी मोटर बंद झाली. पण दांड्याला वेग होता, तो फिरत राहिला, आणि चुंबकही फिरत राहिले. काटा खाली आला नाही. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं: वीज तोडलेली, बटण दाबलेलं, कुणाच्याही हातात काही नाही, आणि तरी काटा तिथेच वर, आणि मोटर आपली आपण जळतेय. धूर दाट झाला. बायका पदर नाकाला लावून खोकत बाहेर पळाल्या. दांडा मंद झाला, आणखी मंद झाला, तरी काटा वरच. अगदी शेवटच्या दोन-चार फेऱ्या उरल्या तेव्हा कुठे तो पडला.

मग काहीच आवाज उरला नाही. साहेब खिडकी उघडायला गेले, ती जाम झाली होती, ते उगाच तिच्याशी झटत राहिले.

दादा मोटरीसमोर उकिडवा बसला होता. मास्तरीण म्हणाली, "दादा." त्याने हात वर केला, म्हणजे आत्ता नको.

खातं आता मिटणार, हे बायकांना सांगायचं होतं. ती जिन्याकडे निघाली तेव्हा दादा पाठोपाठ आला आणि पहिल्याच पायरीवर तिला अडवलं. "तू नको. तुझ्या तोंडून ऐकलं तर जन्मभर तुला शिव्या देतील. मी सांगतो."

वर जाऊन त्याने उभ्यानेच सांगितलं. पाचर माझी, कल्पना माझी, चूक माझी. पंख्याचं काम दाती वाइंडिंगवर होईल आणि ते होणंच बरोबर आहे. महिनाअखेर आपलं खातं मिटेल. एक बाई रडायला लागली, दुसरी आपली कात्री, कानशी, कागदाच्या पट्ट्या उगाच नीट लावत बसली. काकूंनी मात्र मास्तरीणकडे बोट केलं. "एक बोट दाबायचं होतं हिला. एक बोट! सख्खा भाऊ मागे उभा असताना हिच्याने ते झालं नाही."

"काकू," दादा गरजला, "तिला काही बोलायचं नाही!"

काकूंनी बोट खाली घेतलं. मास्तरीणला वाटलं, आता तो आपल्याकडे बघेल. त्याने बघितलं नाही. तो आपल्या टेबलाशी गेला आणि अर्धवट गुंडाळलेल्या कॉइलचं टोक शोधायला लागला. ते त्याला काही केल्या सापडेना.

घरी जाताना दादा पुढे, ती दहा हात मागे. त्याने चाल वाढवली नाही की कमी केली नाही. तिला वाटलं, धावत जाऊन गाठावं, लहानपणी गाठायची तसं, त्याचा शर्ट धरावा. पाय उचलले नाहीत.

वहिनीने दोघांचे चेहरे पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं नाही. मुकाट्याने ताटं मांडली. दादा जेवला, हात धुतले. मास्तरीण आपल्या खोलीकडे निघाली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून आडवा झालेला होता.

"मास्तरीण."

ती दारातच थांबली.

"बटण दाबलं असतंस, मोटर तिथे बसवली असती. किती दिवस टिकली असती ती पाचर?"

"काय सांगू? शॉर्ट कधी होणार, होणार की नाही, काही सांगता येत नाही. कदाचित कधीच…"

"खरं सांग."

"आत्ताच सैल झाली होती, दादा. नुसत्या एका दिवसात."

थोड्या वेळाने त्याने पाय पोटाशी घेतले. वहिनी आली, तिने चादर त्याच्या खांद्यापर्यंत ओढली आणि नणंदेकडे न बघताच म्हणाली, "जा, झोप तू."

मास्तरीण गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पण मागायचं काय ते तिला सुचेना; खातं तर गेलंच होतं, आणि खालची माणसं, ज्यांची तोंडंही तिने कधी पाहिली नव्हती, ती तिच्यामुळे वाचणार होती की नुसतीच नेहमीसारखी कामावर जाऊन परत येणार होती, हे तिला कधीच कळणार नव्हतं. समोर दादाची पाठ. ती चादरीखाली हलत होती. झोपलेल्या माणसाची पाठ अशी हलत नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि उठून तिथवर जायचा हक्क आता आपल्याला उरला आहे का, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.